वर्षाच्या आतला आवाज

तेरा महिने मी एक बातमी पोटात ठेवली. पोटात म्हणते, पण खरं तर ती पिठाच्या डब्यामागे ठेवली होती, सहा कॅसेटींच्या रूपाने. त्याबद्दल मला आजवर कोणी शिव्या दिल्या नाहीत. जिने द्यायच्या तिनेच दिल्या नाहीत, मग बाकीच्यांनी कशाला तोंड उघडावं? म्हणून आता मीच लिहून ठेवते आहे.

ती म्हणजे माझी सासू, कुल्पाश. सगळा कराओय गाव तिला अपा म्हणायचा, मीही. अपा मेलेल्या माणसांसाठी विलाप गायची. आमच्यात त्याला झोक्ताऊ म्हणतात. आताच्या पोरांना त्यातलं काही माहीत नसतं, म्हणून सांगते. घरात माणूस गेलं की त्या घरची बाई दाराकडे पाठ करून बसते, दोन्ही हात कमरेवर ठेवते आणि गाऊ लागते: कोण होता, कोणाचा होता, मागे काय ठेवून गेला. सांत्वनाला नवा माणूस आला की पुन्हा गाते. असं वर्षभर. वर्ष झालं की घोडा कापून मोठं जेवण घालायचं, काळा रुमाल उतरवायचा आणि गाणं बंद. त्यानंतर कोणी गायलं तर मेलेला माणूस कबरीत पाण्यावर झोपतो, असं अपा म्हणायची आणि अगदी मनापासून मानायची. पुढचं सगळं या एका नियमावर अडलं.

अपा त्र्याण्णव साली मंगोलियातल्या उल्गीहून आली. तिकडचे कझाक, इकडे कझाकांचा आपला स्वतंत्र देश झाला म्हणून ट्रकमध्ये संसार भरून निघालेले. नवरा आधीच गेलेला, बरोबर एक मुलगा, दोन पेट्या आणि तंबूचे लोकरी नमदे. आम्ही इथले लोक त्यांना पाठीमागे ‘मंगोल’ म्हणायचो. मी डेअरीच्या ऑफिसात होते, अर्धं रशियन बोलायचे, केस कापलेले होते. या लोकांचे ते लांब झगे, ते खडबडीत बोलणं पाहून नाक मुरडणाऱ्यांत मी पहिली. दोन वर्षांनी त्याच घरात सून म्हणून गेले. नवऱ्याचं नाव मी घेत नाही. आधी मला ते हास्यास्पद वाटायचं, पण अपाने पहिल्याच दिवशी बजावलं, आणि आता जिभेला वळणच राहिलं नाही. तर आमचे हे.

अपा इथे आली तेव्हा तिचं परक्यांसाठी गाण्याचं काही ठरलेलं नव्हतं. तिकडे बाई आपल्याच माणसांसाठी गाते. बापासाठी, नवऱ्यासाठी, भावासाठी. दुसऱ्याच्या मेलेल्यावर गाणं म्हणजे दुसऱ्याच्या चुलीवर स्वयंपाक करायला बसण्यासारखं. पण आमच्या शेजारचा झुमाबेक कंबाइनवाला गेला, तेव्हा अपा नुसती भेटायला आली होती. त्याच्या तिन्ही मुली रुमालात तोंड घालून, साहेबाच्या केबिनमध्ये बसल्यासारख्या गप्प रडत होत्या. अपाला ते सोसेना.

“एवढा मोठा बाप असा मुक्याने पाठवता?” ती म्हणाली आणि बसलीच. पाठ दाराकडे, हात कमरेवर.

काय गायली! वाऱ्याशी पैज लावणारा त्याचा घोडा, सैल सोडलेला लगाम, बर्फाच्या शिखरावरून उडालेला गरुड. म्हाताऱ्या बायांच्या डोळ्यांना धारा लागल्या. झुमाबेकची थोरली सौले मात्र मला कोपराने ढोसत होती.

“रौशान, अगं बाबा घोड्याला घाबरायचे. लहानपणी आपटले होते. गाढवावरसुद्धा बसायचे नाहीत.”

मला हसू फुटलं. मयताच्या घरात! मी रुमाल तोंडावर धरून खांदे हलवत बसले आणि लोकांना वाटलं, पोरगी किती मायाळू आहे.

हे अपाच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती डेअरीत माझ्या टेबलासमोर उभी.

“तू त्यांची शेजारीण ना? काल मी खोटं गायले. मला सांग, तो माणूस दिवसभर काय करायचा?”

“कंबाइन चालवायचा.”

“म्हणजे काय करायचा?”

आता हे कसं सांगणार? मी तिला यंत्रांच्या शेडमध्ये घेऊन गेले. अपा झगा आवरत त्या उंच शिडीवरून चढली, झुमाबेकच्या सीटवर बसली आणि मेकॅनिकला म्हणाली, चालू कर. व्हिक्टर मेकॅनिक खालून ओरडला, “काय आजी, लायसन काढायचंय?” तिने लक्ष दिलं नाही. डोळे मिटून ती घरघर ऐकत बसली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. व्हिक्टरने डिझेलच्या नावाने बोंब मारली तेव्हा उतरली. सातव्या दिवसाच्या जेवणाला पुन्हा गायली:

कणीस आलं भरात,
किल्ली राहिली घरात,
यंत्र उभं वावरात,
चालवणारा मातीत.

त्या दिवशी ते घर फुटून रडलं. सौलेने भिंतीवरच्या खिळ्याकडे पाहिलं, तिथे किल्ली खरंच होती, आणि ती जमिनीवरच बसली. व्हिक्टरला आमची भाषा अर्धीच कळायची, तोही टोपी काढून दारात उभा होता. मी हसले नाही.

तेव्हापासून गावात कोणी गेलं की अपाला बोलावणं यायचं. शेजारच्या गावांतूनही गाडी यायची. लोक झग्याचं कापड द्यायचे, मांसाचा वाटा द्यायचे. ती सुरुवातीला विचारायची, सात पिढ्या सांगा. तिकडे विलाप पूर्वजांपासून सुरू होतो. इथली माणसं आजोबाच्या नावापाशीच अडखळायची.

“आजोबाच्या मागे काय मग, भिंत?” अपा विचारायची.

शेवटी तिने पूर्वज सोडले आणि वस्तू धरल्या. गेलेल्याचा चष्मा कुठे असायचा? सकाळी पहिल्यांदा कोणाला हाक मारायचा? कुठल्या बसची वाट बघायचा? घरात जाऊन कोपरे बघायची, बूट उलटे करून झिजलेली बाजू बघायची. एकदा एका हिशेबनीसाच्या घरी जाऊन त्याची मणिपाटी मांडीवर घेऊन तासभर मणी सरकवत बसली. लग्नानंतर मी तिच्याबरोबर चहाची किटली धरायला जायचे, तेव्हा हे सगळं जवळून पाहिलं.

“तिकडे शब्द आयते मिळायचे,” ती मला म्हणाली होती. “डोंगर, गरुड, उंट. आईने दिले, आईला तिच्या आईने. इथे प्रत्येक मेलेल्यासाठी मला नव्याने शेवया वळाव्या लागतात.”

तक्रार होती, पण नुसती तक्रार नव्हती. एखादी ओळ जमली की ती दोन दिवस पीठ मळताना गुणगुणायची आणि माझ्याकडे हळूच बघायची, मी ऐकते आहे का. मला काय कळणार त्यातलं! ज्या बाईला कळलं असतं ती उल्गीला होती.

ती मग्रिपा, अपाची थोरली बहीण. तिचा नवरा जनावरं सोडून यायला तयार नव्हता म्हणून ती मागे राहिली. दोघी बहिणींना आईने एकत्र गायला शिकवलं, आणि आई गेली तेव्हा दोघींनी तंबूच्या दोन बाजूंना बसून वर्षभर गायलं. त्यानंतर त्यांचं ठरलं होतं: जी आधी जाईल तिच्यासाठी दुसरीने गायचं, कुठेही असली तरी. आधी जाईल ती भाग्यवान, कारण तिला गाणारी मिळाली.

पत्रं लिहायचा दोघींना कंटाळा. मग बाजारातून एक लाल टेपरेकॉर्डर आला आणि कॅसेटी सुरू झाल्या. चामडं विकायला, नातेवाईक बघायला तिकडची माणसं ये-जा करायची, त्यांच्या पिशवीतून कॅसेट जायची आणि दोन-तीन महिन्यांनी उत्तर यायचं. उत्तर आलं की घरातली सगळी कामं बंद.

“कुल्पाश, तुझी कॅसेट मिळाली,” मग्रिपाचा जाडाभरडा आवाज यायचा. “हे काय गं? यंत्रावर रडतेस? उद्या किटलीवर रडशील. आणि लोकांच्या मेलेल्यांवर? आपल्या घरची माणसं मरायची थांबली की काय? तिथली हवा डोक्यात गेलीय तुझ्या. चाल चुकलीस तिसऱ्या ओळीत. पण ते किल्लीचं… ते बरं आहे. बरं म्हणतेय, छान नाही म्हणत.”

अपा हसून हसून मांडीवर थापा मारायची. “ऐकलंस? बरं म्हणाली! मेलीने आयुष्यात आईच्या गाण्यालासुद्धा बरं म्हटलं नव्हतं.”

एकदा मग्रिपा म्हणाली, “ऐक, मी आधी गेले तर माझ्यासाठी डोंगरातलं म्हण. तुझ्या डिझेलचा वास मला नको.” अपाने उलट कॅसेटवर ठणकावलं, “आणि मी आधी गेले तर तू इथे ये, आधी यंत्रावर बस आणि मग गा.” मग मशीन बंद केलं.

“पोरी,” ती मला म्हणाली, “गावाचं गाते तो सगळा सराव. खरं एकच गायचं राहिलंय माझं. नाहीतर ऐकायचं.”

दोन हजार एकच्या फेब्रुवारीत, शेवटच्या आठवड्यात, उल्गीचा ऐतमुखान नावाचा व्यापारी आमच्याकडे आला. अपा शेजारच्या गावी गायला गेली होती. त्याने चहा घेतला, कणकेचा तळलेला बाउरसाक हातात नुसता फिरवत राहिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “सूनबाई, आपली मग्रिपा राहिली नाही. महिन्याच्या सुरुवातीला. छातीत कळ आली आणि संपलं. मी वयाने लहान, मी सांगणं बरं दिसत नाही. मोठ्या माणसांना जमव आणि रीतीने कानावर घाला.”

आणि बाउरसाक तसाच ठेवून निघून गेला.

रीत म्हणजे काय, तर आमच्यात मरणाची बातमी तोंडावर फेकत नाहीत. जाणती माणसं घरी येतात, जनावरांची चौकशी करतात, हळूहळू आडून बोलतात, तळं आटल्याचं, पाखरू उडाल्याचं, आणि ऐकणारा आपणच ओळखतो. इथल्या लोकांचं हे केव्हाच सुटलं होतं. आम्ही सरळ म्हणायचो, वारला. अपा आल्यापासून गावाला ते पुन्हा आवडायला लागलं होतं, आणि कोणाला बातमी द्यायची असली की लोक तिलाच बोलवायचे. तिकडून आलेल्यांत एक म्हातारे साबिर होते, ते हे काम करू शकले असते. पण ते आदल्याच वर्षी गेले आणि त्यांच्यासाठीही अपाच गायली होती. आता अपाला बातमी द्यायला कोणाला बोलवायचं?

मी आमच्या ह्यांना सांगितलं. ह्यांचा चेहरा उतरला. भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “मेंढ्यांची वीण होऊ दे. मग बघू.” वीण झाली. मी विचारलं. “तू बाई आहेस, तू सांग.” झालं! हात वर.

मग मे महिन्यात अपाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. शहरातला डॉक्टर म्हणाला, तीन महिने रडायचं नाही. जिचं कामच ते, तिला हा म्हणतो रडू नका! अपाला त्याचं इतकं हसू आलं की पट्टीच सुटायची पाळी आली. मी मात्र त्या डॉक्टरच्या शब्दाला लटकून तीन महिने काढले. गावात उल्गीची आणखी तीन घरं होती, त्यांना सगळं ठाऊक होतं. प्रत्येकाला वाटलं, घरच्यांनी योग्य वेळ धरून ठेवली असेल. ऑगस्ट उजाडला तेव्हा न सांगण्याचंच ओझं बातमीपेक्षा जड झालं होतं. आता सांगितलं तर ती विचारणार, इतके दिवस काय करत होतीस?

आणि ही सगळी कारणं खरी असली तरी खरं कारण वेगळंच होतं. मला सांगता येत नव्हतं. शब्दच नव्हते माझ्याकडे. इतकी वर्षं किटली धरून तिच्यामागे बसले, पण कान दुसरीकडे.

अपा कॅसेटी भरतच होती. “अप्के, उत्तर का नाही? गर्व चढला का?” असं ती थोरल्या बहिणीला बोलायची आणि कॅसेट माझ्या हातात द्यायची, कोणी जाणारं असलं की पाठव. मी पाठवली म्हणायचे आणि पिठाच्या डब्यामागे सारायचे. कधी म्हणायचे, पूल वाहून गेलाय. कधी, त्यांचं मशीन बिघडलंय. एवढ्या थापा मी नवऱ्यालाही मारल्या नव्हत्या.

ऑक्टोबरात एम्मा कार्लोव्हना गेली. पोस्टात शिक्के मारणारी जर्मन बाई. तिच्या दोन्ही बहिणी कधीच जर्मनीला गेल्या होत्या, ही मागे राहिली, नवऱ्याची कबर सोडवेना म्हणून. तिच्या घरी त्या दिवशी आम्ही पाच-सहाजणी आणि खड्डा खणणारे दोघे, एवढीच माणसं. कोणी नात्याचं नाही. अपा शवपेटी ठेवलेल्या टेबलाशेजारी जमिनीवर बसली आणि गायली.

शब्द मला आठवत नाहीत. आठवले असते तर आज हे लिहायची वेळ आली नसती. एवढं आठवतं की त्यात शिक्का होता, पत्रं होती, आणि मग अचानक डोंगर आले, तिकडचे, बर्फाचे, आणि दोन बहिणी एकमेकींना डोंगराच्या दोन बाजूंनी हाका मारत होत्या. एम्माने जन्मात डोंगर पाहिला नव्हता, पण कोणाला ते खोटं वाटलं नाही. मी किटली खाली ठेवली आणि रडले. त्या दिवशी मी एकटी अशी होते की मला ते कोणासाठी चाललंय हे माहीत होतं. गाणारीलासुद्धा माहीत नव्हतं.

तोच विलाप पुन्हा होत नाही. गायला की गेला, अपालाही दुसऱ्या दिवशी एखाद्या ओळीपलीकडे त्यातलं आठवायचं नाही. म्हणून घरी आल्याआल्या, अंगातला कोट न काढता, तिने मशीन पुढे ओढलं आणि विसरायच्या आत सगळं पुन्हा गायलं. मग कॅसेट काढून माझ्या हातात दिली, माझी बोटं तिच्यावर आपल्या हातांनी मिटली.

“ही जपून पाठव. इतकी वर्षं इथलं वेगळं गात होते आणि तिथलं वेगळं. आज दोन्ही एकत्र आलं. आता बरं म्हणू दे तिला, मान्य नाही करणार मी. छान म्हणायला लावीन.”

ती पाचवी कॅसेट. नोव्हेंबरात सहावी आली. डिसेंबरात माझ्या भावाचं लग्न होतं, नाचायला गाणी हवी होती, गावात कोरी कॅसेट मिळेना. मी डब्यामागून दोन काढल्या आणि त्यांच्यावर टीव्हीवरची गाणी भरली. एकाही कॅसेटवर नाव नव्हतं. कुठल्या दोन, ते मी पाहिलं नाही. मेलेल्या बाईला आता कोण ऐकवणार आहे, असं मनात म्हटलं. हे मी अगदी असंच म्हटलं, म्हणून असंच लिहिते.

मार्चच्या शेवटी, एका दुपारी, उल्गीची बिगाइशा नावाची बाई आली. मुलाकडे आठवडाभर आलेली. अपाने तिला मिठी मारली, मानाच्या जागी बसवलं. बिगाइशाने पिशवीतून सुकवलेल्या मांसाचा तुकडा काढला आणि मखमलीचं एक जुनं जाकीट, चांदीच्या बटणांचं.

“दानाने पाठवलंय,” ती म्हणाली. दाना म्हणजे मग्रिपाची मुलगी. “जेवण फार छान झालं. घोड्यांची शर्यत झाली, लांबलांबून लोक आले. तुम्हाला येता आलं नाही, पण सगळ्यांनी समजून घेतलं. एवढा रस्ता, त्यात तुमचे डोळे.”

“कसलं जेवण?” अपाने विचारलं.

“वर्षाचं.”

“कोणाचं?”

बिगाइशाने माझ्याकडे पाहिलं. मग अपाने माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात चहाची वाटी होती, ती मी कुठे ठेवू ते मला सुचेना. आणि माझ्या तोंडाकडे बघूनच तिला सगळं कळलं. इतक्या लोकांना आडून आडून सांगणाऱ्या बाईला बातमी कळली ती अशी.

ती ओरडली नाही. बहिणीचं ते जाकीट उचलून मांडीवर घेतलं, बटणं एकेक करून लावली, वरपासून खालपर्यंत. मग मला म्हणाली, “पाहुणीची वाटी रिकामी आहे.” मी चहा ओतला. तिने बिगाइशाला पोटभर जेवू घातलं, दानाच्या पोरांची चौकशी केली, दारापर्यंत पोचवायला गेली. परत आली आणि माझ्यासमोर बसली.

“तुला कधी कळलं?”

“मागच्या फेब्रुवारीत.”

“तेरा महिने.” ती बोटांवर मोजू लागली. “तेरा महिन्यांत मी किती घरांत गायले गं?”

“अपा, कोणाला बोलवायचं होतं मी?” मी रडत ओरडलेच. “बातमी सांगायला सगळे तुम्हालाच बोलवतात! तुम्हाला सांगायला मी कोणाला आणणार होते?”

“मग मलाच बोलवायचंस,” अपा म्हणाली. आवाज चढवला नाही. “म्हणायचंस, अपा, एका बाईला तिच्या बहिणीची बातमी द्यायचीय, कशी देऊ? मी शिकवलं असतं. शिकवता शिकवता मला कळलं असतं.”

मी पाहुणीची वाटी उचलून धुऊन ठेवली.

थोड्या वेळाने मी म्हटलं, “अपा, आता म्हणा. मी दार लावते. कोण बघतंय?”

“ती पाण्यावर झोपेल.”

“असं काही नसतं, अपा.”

“तुझ्याकडे नसतं. तिच्याकडे असतं. तिच्या मुलीने रुमाल उतरवलाय, जेवण घातलंय, सगळं नीट पुसून कोरडं केलंय. मी आता मागून जाऊन पाणी ओतू?”

ती जाकिटावर हात फिरवत राहिली. मग एकदम मान वर केली.

“त्या कॅसेटी. पोचल्याच नसतील त्या.”

“नाही.”

“मग एम्माची इथेच असेल!” तिचा चेहरा उजळला. खरंच उजळला, मी खोटं सांगत नाही. “आण, आण ती. तो आवाज वर्षाच्या आतला आहे. एम्मासाठी म्हटलेलं असलं म्हणून काय झालं, त्यात बहीण आहे, डोंगर आहे, तिने मागितलं होतं ते सगळं आहे. बिगाइशा शुक्रवारी जातेय. दाना कबरीपाशी लावेल. नियम मोडत नाही, पोरी. आवाज तेव्हाचाच आहे.”

मी डब्यामागून कॅसेटी काढल्या. चार तिथे होत्या. दोन लग्नानंतर टीव्हीखालच्या खणात पडल्या होत्या. सहाही आणून समोर ठेवल्या. मनात म्हणत होते, सहातल्या दोनच. चार शिल्लक आहेत. देवा, चारांत ती असू दे.

आधी त्या चार लावल्या. पहिलीत अपा मेंढ्यांबद्दल बोलत होती. दुसरीत, “अप्के, मेलीस की काय? बोलत का नाहीस?” हे ऐकताना तिने डोळे मिटले, पण बंद कर म्हणाली नाही. तिसरीत डॉक्टर आणि डोळ्याची पट्टी. चौथीत नुसत्या शिव्या, प्रेमाच्या. मग तिने टीव्हीखालच्या दोहोंतली एक उचलली. “ही तिकडे का होती?” तिने विचारलं. तिने स्वतःच घातली, स्वतः बटण दाबलं.

कोटाची खसखस ऐकू आली. मग धाप लागलेला तिचा आवाज: “अप्के, आता हसून दाखव.” मी भरताना कॅसेट पूर्ण मागे फिरवली नव्हती, म्हणून एवढं वाचलं होतं. मग श्वास घेतल्याचा आवाज, आणि पहिला सूर, लांब, खालून वर चढत जाणारा. शब्द अजून सुरू व्हायचा होता.

खट् झालं आणि ढोल वाजायला लागले. नाचाचं गाणं. कोणीतरी पोरगा ओरडत होता, टाळ्या पडत होत्या.

मी बटणाकडे हात नेला. अपाने माझं मनगट धरलं.

ते गाणं संपलं. दुसरं लागलं, ते संपलं, तिसरं लागलं. अपा जाकीट मांडीवर घेऊन मशीनवर झुकून बसली होती, दोन गाण्यांच्या मध्ये जरा शांत झालं की आणखी झुकायची. मध्ये कुठेतरी आपला आवाज परत येईल म्हणून तिने ती बाजू पूर्ण ऐकली.

नंतर ती सात वर्षं जगली आणि कोणाच्याही दारात गायली नाही.